शतावरीच्या मुळीतलं श्रेय कोणाचं?

शतावरीच्या मुळांतल्या पॉलिसॅकराइडमध्ये अँटिऑक्सिडंट गुण असल्याचं वाचलं, की मी आधी ते पॉलिसॅकराइड किती शुद्ध होतं ते पाहतो. कारण मुळीत बरीच मंडळी एकत्र नांदतात. ही वनस्पती आपला साठा फ्रुक्टनच्या, म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्यांच्या रूपात करते. सोबतीला सॅपोनिन, प्रथिनं आणि फिनॉलवर्गीय द्रव्यं असतातच.

प्रयोगशाळेत वाळलेल्या मुळ्यांची पूड आधी अल्कोहोलने धुतात. फेस आणणारं सॅपोनिन, रंग, सुटी साखर निघून जाते. लांब साखळ्या चोथ्यात राहतात. मग तो चोथा 80-90 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवायचा, गाळायचा, पाणी आटवायचं आणि त्यात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओतायचं. पांढुरका साका तळाशी बसतो. आखूड साखळ्या मात्र अल्कोहोलातही विरघळतात आणि हातातून निसटतात. साक्यातली प्रथिनं क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल घालून, घुसळून काढतात; क्षार आणि बारीक रेणू डायलिसिसच्या पिशवीतून बाहेर जातात.

एकूण साखर मोजायला 1956 सालची फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची पद्धत आजही चालते. साखळी कोणत्या शर्करांची, हे आम्लाने ती तोडून कळतं. त्या एकमेकींना कशा जोडल्यात, ते एनएमआर सांगतो.

खरी गोम पुढच्या चाचणीत आहे. डीपीपीएच या जांभळ्या द्रव्याचा रंग जितका उडेल, तितकी अँटिऑक्सिडंट ताकद जास्त. पण डीपीपीएच विरघळतं अल्कोहोलात, आणि त्याच अल्कोहोलने आपण साका पाडला होता! दोन्ही एकत्र आले की द्रावण गढूळ होऊ शकतं आणि यंत्रावरचा आकडा फसवतो. शिवाय निव्वळ फ्रुक्टनकडे फिनॉलसारखा सहज सोडता येणारा हायड्रोजन नाही. शुद्धीकरण वाढवत नेलं की हा गुण अनेकदा घटतो, तो म्हणूनच. श्रेय चिकटून राहिलेल्या फिनॉलचं असू शकतं. उरलेल्या फिनॉलचा आणि प्रथिनांचा आकडा न देणाऱ्या निबंधावर मी तरी भिस्त ठेवत नाही.

पोटातली गोष्ट आणखी निराळी. फ्रुक्टन लहान आतड्यात पचत नाही, अखंड साखळी रक्तात जात नाही. ती मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथले जिवाणू तिला आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट तयार करतात. परीक्षानळीतला जांभळा रंग किती उडाला, यावरून या कामाचा अंदाज बांधता येत नाही.