शार्त्रचा संत युस्टेस : काचेत मांडलेली कथा

फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलचा बराचसा भाग ११९४ साली आगीत जळाला. लगेच पुनर्बांधणी सुरू झाली आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीस मुख्य दालनाच्या उत्तर बाजूला संत युस्टेसची खिडकी बसली. मध्ययुगीन काचचित्रांतील ही एक श्रेष्ठ कृती मानली जाते.

मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराच्या मोठ्या चौकटी आणि बाजूंना लहान गोल अशी तिची रचना आहे. कथा तळापासून वर वाचायची असते. खाली रोमन सेनापती प्लासिडास घोड्यावर बसून शिकारी कुत्र्यांसह हरणांच्या मागे धावतो. पुढे एका हरणाच्या शिंगांमध्ये त्याला ख्रिस्ताचे दर्शन घडते, तेव्हा तो गुडघे टेकतो. बाप्तिस्मा घेऊन तो युस्टेस होतो. मग परीक्षा सुरू होते : संपत्ती जाते, जहाजाचा कप्तान पत्नीला ठेवून घेतो, नदी ओलांडताना दोन्ही मुलगे हिंस्र श्वापदे पळवतात. पुढे सारे कुटुंब पुन्हा भेटते, पण मूर्तीला बळी देण्यास नकार दिल्यामुळे सर्वांना तापलेल्या पितळी बैलात जाळले जाते. युस्टेसच्या अस्तित्वाचा भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. तरीही त्याची कथा युरोपभर श्रद्धेने सांगितली गेली.

अशा खिडकीत रंग काचेवर चढवलेला नसतो, तो काचेतच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट मिसळले की निळा रंग येतो, तांब्यापासून लाल, मँगनीजपासून जांभळा. कारागीर पांढऱ्या फळीवर पूर्ण आकाराचे चित्र काढत. काचेवर तापलेली लोखंडी सळई फिरवून तिला तडा देत आणि कडा टोकरून हवा तो आकार साधत. डोळे, केस, कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने रेखून काच भट्टीत भाजली की त्या रेषा पक्क्या होत. शेवटी सारे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून जोड डाखाने पक्के करत. या काळ्या पट्ट्या नुसत्या आधारासाठी नसतात. हरणाची पाठ किंवा घोड्याची मान यांची बाह्यरेषाही त्यांच्यामुळेच उठून दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, कॅथेड्रलच्या काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आल्या आणि युद्धानंतर पुन्हा बसवल्या गेल्या. १९७९ पासून हे कॅथेड्रल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.