बर्फाखालची तिसरी मिती

डोंगरउतारावरून सुटलेले हिमस्खलन थांबते, तेव्हा त्यातला बर्फ भुसभुशीत राहत नाही. काही क्षणांतच तो घट्ट बसतो. आत सापडलेल्याला बहुधा हातही हलवता येत नाही, आणि वर उभ्या असलेल्या सोबत्याला पांढरे रान तेवढे दिसते. अशा माणसाला मारते ती सहसा थंडी नव्हे. त्याचा श्वास कोंडतो. स्वित्झर्लंडमधील अपघातांच्या नोंदींवरून १९९४ साली मांडलेले गणित असे : पंधराव्या मिनिटापर्यंत वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक, पस्तिसाव्या मिनिटाला ती जेमतेम तीस टक्के. खालच्या गावातून मदत पोचेपर्यंत हा वेळ निघून गेलेला असतो. शोध घ्यायचा तो सोबत्यांनीच. म्हणून अशा उतारांवर स्कीइंगला किंवा चढाईला जाणारे लोक अंगाशी एक लहानसे यंत्र बांधतात. त्याला बीकन म्हणतात.

चालताना हे यंत्र साधारण सेकंदाला एकदा ४५७ किलोहर्ट्झचा ठोका सोडत राहते. कोणी गाडले गेले, की बाकीचे सगळे आपापली यंत्रे ‘शोध’वर नेतात आणि त्याचा ठोका ऐकू लागतात. म्हणजे आपले बीकन आपल्याला वाचवत नाही, दुसऱ्याच्या हातातले वाचवते. अमेरिकेत जॉन लॉटन यांनी १९६८ च्या सुमारास पहिले उपयोगी यंत्र बनवले. त्याला नाव दिले ‘स्काडी’, नॉर्स पुराणातल्या हिवाळ्याच्या देवतेचे. त्याची वारंवारता फार खालची होती. युरोपने ४५७ धरली. बरीच वर्षे दोन्ही पद्धती चालल्या. अटलांटिकच्या दोन तीरांवरचे गिर्यारोहक एकाच दोराला बांधलेले असले, तरी बर्फाखाली एकमेकांना बहिरे ठरू शकत होते. आता सगळीकडे ४५७ आहे.

ही जागा मीडियम वेव्हच्या पट्ट्याच्या किंचित खाली येते, त्यामुळे आपल्या परिचयाची एक गोष्ट इथे उपयोगी पडते. जुना ट्रान्झिस्टर टेबलावर आडवा फिरवला, की एका विशिष्ट कोनात आकाशवाणीचा आवाज पडायचा. आत फेराइटची काळी दांडी असते. तिला दिशा कळते, ती अशी. बीकनमध्येही तीच दांडी आहे. फरक अंतराचा. ४५७ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसहाशे मीटरांहून अधिक भरते, आणि शोध चालतो तो फार तर पन्नास-साठ मीटरांत. इतक्या जवळ ‘लहर’ म्हणावी असे काही तयारच झालेले नसते. असते ते केवळ चुंबकीय क्षेत्र, शाळेत पट्टीचुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकल्यावर दिसायचे तसे, एका टोकातून निघून वळसा घेत दुसऱ्या टोकाला जाणारे. बर्फ त्याला अडवत नाही, माणसाचे शरीरही अडवत नाही. ही वारंवारता टिकून राहिली त्याचे हे मोठे कारण.

मात्र यातून एक विचित्र गोष्ट निष्पन्न होते. यंत्राच्या पडद्यावरचा बाण गाडलेल्या माणसाकडे रोखलेला नसतो. तो किसाच्या त्या वक्र रेषेची दिशा दाखवतो. शोधणाऱ्याने नाक्याच्या दुकानाकडे जावे तसे सरळ जायचे नसते; वळणावळणाने, बाण वळेल तसे वळत जायचे असते. पडद्यावरचा आकडाही मीटरपट्टीने मोजलेला नाही, क्षेत्राच्या तीव्रतेवरून बांधलेला अंदाज आहे. अंतर निम्मे झाले की तीव्रता आठपट होते. शिवाय त्याच अंतरावर दांडीच्या टोकासमोरचे क्षेत्र कुशीच्या बाजूपेक्षा दुप्पट असते, एवढ्यानेच अंदाज पाव हिश्श्याने चुकू शकतो. आकडा घटतो आहे की वाढतो आहे, एवढेच दुरून खरे.

सर्वांत कठीण भाग शेवटच्या दोन-तीन मीटरांत येतो, कारण तिथे खोली मध्ये येते. समजा, गाडलेल्याचे यंत्र दोन मीटर खोल आहे आणि त्यातली दांडी उभी आहे. बरोबर त्याच्या डोक्यावर क्षेत्राच्या रेषाही उभ्याच असतात. वरच्या माणसाने आडवी धरलेली दांडी त्या ठिकाणी काहीच पकडत नाही. सर्वांत मोठा आवाज येतो खोलीच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे मीटरभर बाजूला, आणि तोही सभोवार कड्यासारखा. एकाच दांडीच्या जुन्या यंत्रांनी शोधणाऱ्याला अचूक ठिकाणी गप्प राहून बाजूला खणायला लावले, ते यामुळे. १९९७ साली दोन दांड्यांचे डिजिटल यंत्र बाजारात आले. दिशा चटकन कळू लागली, पण हे कडे गेले नाही. पुढच्या दशकात तिसरी, उभी दांडी बसली, तेव्हा कुठे तिन्ही मिती यंत्राच्या हिशेबात आल्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा टप्पा हाच. बाकी रंगीत पडदे आणि कळा ही सजावट.

तरीही शेवट सळईनेच होतो. सर्वांत लहान आकडा जिथे येतो तिथे, बर्फाच्या पृष्ठाशी काटकोन साधून, पंचवीस सेंटिमीटरांच्या अंतराने चक्राकार टोचत जायचे. पायांखालच्या उताराला काटकोन, आकाशाला नव्हे. गडबडीत ही गोष्ट निसटते. मऊ, किंचित परतणारा अडथळा लागला की सळई तशीच रोवून ठेवायची आणि खणायचे ते डोक्यावरून नाही, उताराच्या खालच्या अंगाने आत. शोधाला लागतात त्याहून अधिक मिनिटे फावड्याला लागतात, आणि दर फुटाला ती वाढत जातात. खिशातला मोबाइलही शोधाच्या वेळी यंत्रापासून किमान अर्धा मीटर दूर ठेवावा लागतो, नाहीतर त्याच्या गोंगाटात ठोका हरवतो.

सळई असते अडीच-तीन मीटरांची. त्यापलीकडे हे सारे तंत्र थिटे पडते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक होता. जागा साडेएकोणीस हजार फुटांवर, वर पंचवीस-तीस फूट बर्फ. तिथे रडार लागले, कुत्री लागली, बर्फ कापणारी यंत्रे लागली. सहाव्या दिवशी लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. उरलेल्या नऊ जणांचे मृतदेहच हाती लागले.