धारेवरचा पट्टा

खंडाळ्याच्या घाटात एस.टी.च्या खिडकीतून पुढच्या ट्रेलरकडे पाहणाऱ्या प्रवाशाला पोलादी पत्र्यांचे गठ्ठे दिसतात; ते बांधून ठेवणारा पट्टा सहसा त्याच्या नजरेत भरत नाही. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून निघालेला वीस टनांचा माल त्याच्यापुढे काही हातांवर चढत असतो. बाजूला फळ्या नसलेल्या त्या सपाट वाहनावर माल जागच्या जागी राहणे हे बऱ्याच वेळा दोन-तीन बोटे रुंद अशा विणलेल्या पट्ट्यांवर अवलंबून असते. या पट्ट्याखाली पत्र्याची उघडी धार आहे की काही आवरण आहे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण प्रवाशाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा आहे.

पॉलिएस्टरचा ५० मिलिमीटर रुंदीचा पट्टा सरळ ओढला असता सामान्यतः पाच टनांच्या आसपास ताण सोसून मग तुटतो, आणि वापरताना त्याच्यावर याच्या निम्माच भार टाकावा असा संकेत आहे. मात्र हे बळ अखंड पट्ट्याचे. सैल दोरा सुरीखाली सरकतो, ताणलेला दोरा चटकन कापला जातो, हा अनुभव घरोघरचा आहे. रॅचेटने घट्ट आवळलेला पट्टा पोलादाच्या धारेवर टेकला की रस्त्याचा प्रत्येक हादरा त्याला करवतीसारखा घासतो. कडेचे धागे आधी जातात, त्यांचा भार उरलेल्यांवर येतो आणि चीर वाढत जाते. जोराने ब्रेक लागला तर माल पुढे सरकू पाहतो. युरोपातील मानकानुसार या जोराचा हिशेब मालाच्या वजनाच्या ०.८ पट धरतात. म्हणजे वीस टनांच्या मालासाठी सोळा टनांइतका जोर. अर्धवट चिरलेल्या पट्ट्यांची परीक्षा नेमकी त्या क्षणी होते.

यावरचा उपाय अत्यंत साधा आहे. पट्टा जेथे वळतो त्या कोपऱ्यावर प्लास्टिकचा, जाड रबराचा किंवा गोल कडेच्या धातूचा काटकोनी तुकडा बसवावयाचा. त्याने पट्टा कापला जात नाही, शिवाय तो कोपऱ्यावरून सहज सरकत असल्याने दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. आपल्याकडे कामगार गोणपाटाची घडी किंवा जुन्या टायरचा तुकडा खाली घालतात, ही त्यांची समजच आहे. परंतु गोणपाट धारेपुढे फार काळ टिकत नाही, आणि ते दबले की पट्टा सैल पडतो. दोर कठीण कडेवर घासू नये हे तत्त्व आपल्याला नवे नाही. मोटेचा नाडा चाकावरून आणि सोंदूर कण्यावरून फिरविणाऱ्या शेतकऱ्याला ते कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

मग इतका स्वस्त उपाय सर्रास का होत नाही? याचे उत्तर अज्ञानात थोडे आणि हिशेबात अधिक सापडते. माल पाठविणाऱ्याची जबाबदारी, त्याच्या समजुतीने, फाटकापाशी संपते. वाहतूकदार ते काम दलालामार्फत एखाददुसऱ्या गाडीच्या मालकाकडे सोपवितो. चालकाची कमाई खेपांवर ठरते. बांधणीत गेलेला अर्धा तास त्याला कोणी भरून देत नाही. १८६५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने मालाच्या नुकसानीची जबाबदारी वाहकावर टाकली आहे. पण पाठविणाऱ्याने अधिक मूल्य जाहीर केले नसेल तर ती मर्यादित राहते. तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ताही मालमोटारीच्या एकूण वजनाच्या गटानुसार ठरतो. त्यामुळे कोपरे झाकणारा आणि न झाकणारा, दोघेही सारखाच हप्ता भरतात. काटकसर एकाची, धोका मात्र मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा, अशी ही विभागणी आहे. ज्याचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही त्याच्याकडून खर्च वसूल करणारा बाजार कार्यक्षम म्हणता येत नाही.

आपल्या दंडव्यवस्थेचे लक्ष सहज मोजता येणाऱ्या गोष्टींवर अधिक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड ठरविला. वाहनाबाहेर डोकावणाऱ्या मालालाही २०,००० रुपयांचा दंड आहे. हे योग्यच झाले. परंतु वजनकाट्यावर धार मोजली जात नाही. अमेरिकेच्या संघीय नियमांत मात्र बांधणी जेथे मालाला टेकते तेथे ती घासण्याची वा कापली जाण्याची शक्यता असेल, तर कडेवर संरक्षण घातलेच पाहिजे असे स्पष्ट लिहिले आहे. हे एक वाक्य तपासनिसाच्या हाती ठोस निकष देते.

तसा निकष येथेही घालून देणे अवघड नाही. परंतु सारा बोजा चालकावर टाकून भागणार नाही. मालाच्या कडा कशा आहेत हे सर्वांत आधी कारखानदाराला आणि व्यापाऱ्याला ठाऊक असते. तेव्हा कोपऱ्यांचे तुकडे मालाबरोबर देण्याचे बंधन त्यांच्यावर हवे. बांधणी तपासल्याची नोंद बिल्टीवर व्हावी. चीर पडलेला पट्टा गाठ मारून पुन्हा वापरण्याची प्रथा बंद व्हावी, कारण गाठीने त्याचे बळ आणखी घटते. काही अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळण्यासाठी चालकाला वेळ मिळावा, आणि त्या वेळेचा मोबदला भाड्यात धरलेला असावा.

या सर्वांचा खर्च मालाच्या किमतीत शेवटी ग्राहकावरच पडेल, हे खरे. पण टनामागे विभागला असता तो नगण्य ठरेल. आज तो खर्च वाचतो असे केवळ वाटते. प्रत्यक्षात तो घाटातल्या एखाद्या वळणावर, कोणा अनोळखी कुटुंबाच्या खात्यावर लिहिला जातो.