अरबी समुद्र न सोडणारे देवमासे

जगभरातले हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात पोट भरतात आणि हिवाळ्यात पिल्लांसाठी उष्ण समुद्रात उतरतात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र तो समुद्र सोडून कुठेच जात नाहीत. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याला खोलवरचं थंड, सकस पाणी वर खेचतात आणि तिथे मासळीची रेलचेल होते. ज्या वाऱ्यांवर आपली शेती चालते, त्यांच्यावरच हे देवमासेही जगतात! जनुकीय अभ्यास सांगतो, की दक्षिणेकडच्या भाईबंदांपासून ते सुमारे ७०,००० वर्षं वेगळे पडले आहेत. ओमानच्या समुद्रात आता शंभराहून कमीच उरले असावेत.

त्यांचं वेगळेपण उलगडण्यात शास्त्रज्ञ युरी मिखालेव यांचा वाटा मोठा, पण त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळ २३८ हंपबॅक बेकायदा मारले. खरे आकडे जगापासून दडवले गेले. मिखालेव यांनी त्या शिकारीच्या नोंदी १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी उत्तर गोलार्धातल्या विणीच्या हंगामाशी जुळत होती. म्हणजे हे अंटार्क्टिकाहून आलेले पाहुणे नव्हते, इथलेच रहिवासी होते. कळपाचा कणा मोडणाऱ्या कत्तलीतूनच त्याची ओळख पटावी, याची खंत वाटते.

२०१८ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने केंद्राच्या प्रजाती पुनर्प्राप्ती कार्यक्रमात या देवमाशांचा समावेश केला. त्याच्या आदल्याच वर्षी ओमानमध्ये उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ ही मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती. तेव्हा एका देशापुरती योजना तोकडीच पडणार. वाघासाठी जंगल राखून ठेवता येतं. या प्राण्याच्या वाटेवर मात्र मालवाहू जहाजं आणि मैलोन्‌मैल जाळी आहेत. जहाजांचा वेग आणि मार्ग ठरवल्याशिवाय नुसत्या गणनेने काही साधणार नाही.

जाळ्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने चांगला पायंडा पाडला आहे. संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला इथे २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं म्हणजे त्याची रोजीरोटी. ते फाडायला सांगायचं तर किंमत सरकारनेच मोजायला हवी. गुजरातपासून केरळपर्यंत हीच तरतूद लागू व्हावी आणि पैसे पुढच्या हंगामाआधी हातात पडावेत.