बारा तारांच्या जुन्या गिटारची तब्येत

जुनी बारा तारांची गिटार समोर आली की बहुतेकांचं लक्ष आधी तिच्या चकाकीकडे जातं. मी आधी ब्रिजकडे बघतो. तिचं खरं आयुष्य तिथे लिहिलेलं असतं.

१९६३ च्या सुरुवातीला रूफटॉप सिंगर्सचं ‘वॉक राइट इन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि या वाद्याला एकाएकी मागणी आली. गिब्सनची बी-४५-१२ १९६१ पासून बाजारात होतीच, मार्टिनची डी१२-२० १९६४ मध्ये आली. त्या काळातल्या गिटारी आता साठीच्या आहेत, आणि जितकं वय जास्त तितकी किंमत जास्त असं लोक धरून चालतात. सहा तारांच्या गिटारला हा हिशेब थोडाफार लागू पडेल. इथे मात्र वयासोबत ओझंही मोजावं लागतं. नेहमीच्या सुरात लावलेल्या बारा तारा मिळून साधारण ११० किलोंचा ताण देतात, सहा तारांचा ताण ७० ते ७५ किलोंच्या आसपास असतो. हे ओझं पाच-सहा दशकं सोसलेलं लाकूड थोडं वाकणारच.

‘तारा फ्रेटबोर्डपासून उंच गेल्यात? ट्रस रॉड आवळा, काम झालं,’ हा सल्ला मी सर्वांत जास्त ऐकतो आणि सर्वांत जास्त नुकसानही त्यानेच होतं. ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली धातूची सळई, नेकचा बाक कमी-जास्त करतो. नेक आणि पेटी यांच्यातला कोन बिघडला असेल तर त्याचा उपयोग नाही. शिवाय साठच्या दशकातल्या मार्टिनमध्ये फिरवता येणारा रॉड नसतोच, तो १९८५ मध्ये आला. कोन तपासायचा तर आधी नेक सरळ असल्याची खात्री करावी आणि मग स्टीलची पट्टी फ्रेटांवरून ब्रिजकडे धरावी. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला लागलं तर ठीक. त्याच्या खाली जाऊन थडकलं तर नेक पुढे ओढली गेली आहे. मग सांधा वाफेने सैल करून कोन नव्याने साधावा लागतो. काम खर्चाचं आहे, पण त्याने गिटार पुन्हा वाजती होते. हा खर्च टाळायला कुणी सॅडल, म्हणजे ब्रिजवरची हाडाची पट्टी, घासून नावापुरती ठेवलेली असते. कधी तर ब्रिजच तासलेला असतो. विकत घेणाऱ्याने या खुणा नक्की शोधाव्यात.

ब्रिजच्या मागे टॉपला, म्हणजे पेटीच्या पुढच्या फळीला, थोडा फुगवटा दिसला की लोक घाबरतात. एवढ्या ताणाखाली थोडा फुगवटा येतोच. काळजी करायची ती ब्रिज टॉपपासून सुटत असेल तर. मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवून बघा. टॉपवरची चीरही गिटारचा शेवट नव्हे. आतून लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून नीट बसवलेली चीर वर्षानुवर्षं टिकते. टॉपला आतून आधार देणारी पट्टी, म्हणजे ब्रेस, सुटला असेल तर मात्र आधी तो चिकटवून घ्यावा.

नवं पॉलिश करून किंमत वाढते, हा समज तर अगदी उलटा आहे. मूळ लॅकरवरच्या बारीक भेगा आणि ओरखडे संग्राहकांना चालतात. ते खरवडून नवा थर चढवला की किंमत बरीच घसरते, आणि जाड थराखाली टॉपचा आवाजही दबतो.

‘जी’ सुराच्या जोडीतली बारीक तार वारंवार तुटली, तर तो गिटारचा दोष मानू नये. सहा जोड्यांपैकी खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा सप्तकभर वर लावतात, बी आणि वरच्या ई या जोड्या एकाच सुरात असतात. त्यामुळे जीची वरची तार साऱ्या गिटारमध्ये सर्वांत उंच सुराची ठरते, वरच्या ईपेक्षाही उंच. जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर.

बारा तारा नेहमीच्या सुरातच लावायच्या, असाही नियम नाही. अमेरिकन लोकगायक लेडबेली आपली स्टेला गिटार त्याहून बरीच खाली लावत असे. जुन्या गिटारला दोन अर्धस्वर खाली लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा. सूर तोच राहतो, ओझं हलकं होतं.

आपल्याकडे एक जास्तीची दक्षता हवी. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, टॉप फुगतो आणि तारा उंच होतात. उन्हाळ्यात विदर्भात ते आकसतं, तेव्हा चिरा पडतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत पाहिलेली गिटार केसमध्ये आर्द्रता सांभाळून काही आठवडे ठेवा, मग पुन्हा पट्टी लावून बघा आणि त्यानंतरच दुरुस्तीला द्या.