इंद्राचं वज्र आणि थॉरचा हातोडा

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीला गेला असालच! जवळची गरम पाण्याची कुंडं, १७३९च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसाचं देऊळ आणि तिथली ती गोष्ट : रागावलेल्या इंद्राने फेकलेलं वज्र देवीने गिळलं, म्हणून ती वज्रेश्वरी!

दूर उत्तरेला, नॉर्वे-आइसलँडच्या जुन्या कथांत मेघगर्जनेचा देव आहे थॉर. त्याचं शस्त्र हातोडा. फेकला की शत्रूला लोळवून पुन्हा हातात! एकदा एका राक्षसाने तो पळवला आणि बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागितली. मग काय, दांडगा थॉरच नवरी बनून, तोंड झाकून मांडवात हजर! जेवायला बसला तर अख्खा बैल आणि आठ मासे फस्त. राक्षस चक्रावला. पाठराखीण बनलेल्या लबाड लोकीने थाप मारली, की लग्नाच्या ओढीने नवरी आठ दिवस उपाशी आहे. विधीसाठी हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवला मात्र, थॉरने सगळ्या राक्षसांचा फडशा पाडला.

१९६२ साली मार्व्हल कॉमिक्सने या थॉरला हीरो केलं, पण त्याची लाल दाढी गेली नि केस सोनेरी झाले! टॉल्किनने तर १९३७च्या 'हॉबिट'मधल्या गँडाल्फचं आणि बऱ्याच बुटक्यांची नावं एका नॉर्स काव्यातूनच उचलली. हॅरी पॉटरमधला फेनरिर? तेही त्याच कथांतल्या महाकाय लांडग्याचं नाव.

वज्र गिळणाऱ्या आपल्या देवीचं कॉमिक मात्र मी अजून पाहिलेलं नाही. चित्रं काढणाऱ्यांनो, पहिलं पान तुम्ही काढता का?