नंदीबैलाची मान आणि वर्गातला होकार

वणी आणि भोवतालच्या खेड्यांतील पहिली-दुसरीच्या मुलांना गोठ्यातल्या गमतीच्या गोष्टी पुस्तकात शोधाव्या लागत नाहीत. वहीचे पान फस्त करणारी शेळी, बादलीचा आवाज येताच हंबरणारी गाय त्यांच्या ओळखीचीच असते. पण खरा हशा पिकतो तो नंदीबैलाच्या गोष्टीला. रंगीत झूल पांघरलेला नंदी दारात येतो. गुबूगुबू आवाज घुमतो. मालक विचारतो, ‘यंदा पाऊस पडेल का?’ नंदी मान डोलावतो. ‘या बाळाचा पहिला नंबर येईल का?’ पुन्हा होकार! मुले खदखदून हसतात आणि एखादे मूल हळूच विचारते, ‘गुरुजी, त्याला खरंच कळतं का हो?’

हा प्रश्न आला की गोष्ट संपली असे न मानता, ती आता सुरू झाली असे मानावे.

असाच प्रश्न बर्लिनमध्ये एका घोड्याने उभा केला होता. त्याचे नाव हान्स. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक. ‘तीन आणि दोन किती?’ असे विचारले की हान्स जमिनीवर पाच वेळा खूर आपटी. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने तपासणी केली. त्यांना कोणतीही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने एक साधा बदल केला. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही, अशा माणसाने प्रश्न विचारायचा. हान्स चुकू लागला! विचारणारा दिसणार नाही अशी व्यवस्था केली, तेव्हाही तेच झाले.

उलगडा असा झाला. प्रश्न विचारणारा खुराकडे पाहण्यासाठी किंचित वाकत असे आणि योग्य आकडा येताच नकळत डोके वर उचलत असे. तेवढ्या हालचालीवरून हान्स थांबत असे. फुंग्स्ट यांनी हे १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. मालक लबाड नव्हता. आपण खूण करतो याची त्यालाच कल्पना नव्हती. नंदीच्या बाबतीत मात्र खूण मुद्दाम शिकवलेली असते; वाद्याचा ठेका किंवा दोरीचा हिसका. दोघांनाही प्रश्न कळत नाही, पण खूण बरोबर कळते. जनावरांना ‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी आपण एवढे आठवावे की, जमलेल्या माणसांना न दिसलेली हालचाल हान्सने टिपली होती.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. ‘कळले ना?’ असे आपण विचारतो आणि सगळ्या माना डोलतात. उत्तर चुकले की आपण म्हणतो, ‘नक्की?’ मूल लगेच उत्तर बदलते. त्याला गणित समजले, की आपला चेहरा? चेहरा वाचणारे मूल हुशार ठरते आणि मान खाली घालून खरोखर विचार करणारे मागे पडते. हे नुकसान हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

म्हणून एक खेळ घ्यावा. १ ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्या कराव्यात. एक मूल ‘घोडा’ होऊन बाकावर टकटक करील. समोरच्याने चिठ्ठी पाहून टकटक मनात मोजावी. मुद्दाम खूण करू नये. असे नऊ डाव झाल्यावर पुढचे नऊ डाव चिठ्ठी कोणीच न पाहता खेळावेत. बरोबर उत्तरे फळ्यावर मांडावीत. निव्वळ अंदाजाने नऊपैकी साधारण एखादेच बरोबर यावे. जास्त आली, तर खूण कुठून मिळाली ते मुलांनीच शोधावे.

आपणही दोन सवयी लावून घ्याव्यात. ‘नक्की?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा आणि कोणी बोलण्याआधी प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहावे.

लहानग्यांना मात्र तात्पर्य सांगू नये. त्यांना पोटभर हसू द्यावे. नंदी पुन्हा दारात आला तर त्याच्या मालकाची थट्टा न करता एवढेच पाहायला सांगावे: मान हलण्याच्या जरा आधी मालकाचा हात काय करत होता?